ढिला चाकू

आमचे बाबा भांडकुदळ माणूस. ही तक्रार नाही, मी कौतुकाने सांगते आहे. धानाच्या बांधीवरून शेजाऱ्याशी, वरणात मीठ कमी पडलं म्हणून घरात, टीव्हीसमोर बसले की बातम्या देणाऱ्या बाईशी, आणि कोणीच सापडलं नाही तर कोंबड्यांशी. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला, उजवं अंग गेलं, तेव्हासुद्धा तिसऱ्या दिवशी हा माणूस वाकड्या तोंडाने डॉक्टरशी भांडला होता. म्हणून मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी वरोऱ्याहून फोन केला आणि गेल्या कित्येक फोनांसारखंच बाबा ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवतो’ एवढंच बोलले, तेव्हा मला राहवेना.

मी वरोऱ्याला शाळेत शिकवते. आमचं गाव सावली या गावाच्या पुढे, वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्ह्यात. तिथे माझा मोठा भाऊ, वहिनी आणि बाबा राहतात. मी लगेच वहिनीला फोन द्यायला सांगितलं. ती बाबांना मामाजी म्हणते; हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या भावानं चाकू माळ्यावर ठेवला ना बाई, तवापासून मामाजी असेच हायेत. बसून राह्यतेत नुसते.”

चाकू म्हणजे बाबांचा घडीचा चाकू. दोन पात्यांचा, शिसवी मुठीचा, कायम बंडीच्या खिशात. सकाळी उठल्यावर पहिलं काम दातवण. घरासमोरच्या कडुनिंबाची काडी तोडायची, पानं सोलायची, टोकाची साल खरवडायची, आणि दात घासून झाले की तीच काडी उभी चिरून जीभ घासायची. मग दिवसभर काही ना काही निघायचंच. सुतळी, बियाण्याची पिशवी, पेरू, स्वतःच्या पायाची नखं. गावात कुणाच्या पायात काटा मोडला की तो आमच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, येऊन पाय पुढे करायचा, आणि बाबा काटा काढता काढता त्याला शिव्या घालायचे. “डोये घरी ठेवून चालून राह्यला का बे?” काटा निघायचा आणि माणूस हसत जायचा. लकवा मारल्यावर बाबा काठीने पाय ओढत सपरीपर्यंतच येऊ लागले, उजव्या हातात जोर राहिला नाही, पण डाव्या हाताने चाकूचं सगळं जमवत होते.

मग त्या वर्षीच्या पावसाळ्यात, धानाची रोपं लावायच्या रोवणीच्या दिवसांत त्यांचा डावा तळवा कापला. चांगला खोल, टाके पडले. हातातून चाकू घसरला, एवढंच मला कळलं. त्याच दिवशी भावाने चाकू माळ्यावर ठेवला, बाबांना ब्रश आणि पेस्ट आणून दिली आणि विषय संपवला. काट्यावाली माणसंही हळूहळू येईनाशी झाली.

मी भावाला फोन लावला. माझा स्वभाव बाबांवर गेला आहे, त्यामुळे सुरुवातच वाईट झाली.

“ते काय लहान लेकरू आहेत का, हातातली वस्तू काढून घ्यायला?”

“तू तिथी बसून उंटावरून शेळ्या हाकू नको,” भाऊ म्हणाला. “ज्याचं जळते त्याले कळते. रक्त मी पाह्यलो, तू नाई. सपरीभर रक्त होतं.”

“मग माणसाने काय नुसतं बसायचं?”

“बसाचं. जिवंत तं राह्यते ना!”

अर्धा तास आम्ही भांडलो; चाकू मी आणून देते, असंही मी म्हणून बसले. शेवटी तो वैतागला. “आण तुले कोणता चाकू आणाचा तो. पण सुट्टीभर तू त्याइच्या बाजूले बस. अन एक बार जरी रक्त निघालं ना, तं चाकू मी वैनगंगेत फेकतो. मंग या घरात पुन्हा चाकूचं नाव काढाचं नाई. मंजूर हाय?”

मी म्हटलं, मंजूर. रागात माणूस काहीही मंजूर करतो. फोन ठेवल्यावर मात्र मला ती अट जड वाटू लागली. कारण बाबांचं पुढचं सगळं बोलणं, भांडणं, सपरीतलं बसणं, हे आता माझ्या पारखीवर येऊन अडकलं होतं, आणि चाकूतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

जुना चाकू खाली काढून देण्यात अर्थ नव्हता. त्याची मागची पट्टी गंजली होती, पाण्यात राहून फुगलेली मूठ पात्याला सोडत नव्हती, तो उघडायला मला दात लावावे लागायचे. नवाच हवा होता. सुट्टी लागली त्या दिवशी मी चंद्रपूरला उतरले आणि गोल बाजारात विळे, अडकित्ते, कात्र्या विकणारं एक जुनं दुकान शोधलं. दुकानदार म्हातारा, चष्मा दोरीने बांधलेला. मी म्हटलं, वडलांसाठी घडीचा चाकू दाखवा, रोजच्या हलक्या कामाला.

त्याने आधी लाल मुठीचा एक भला मोठा काढला. पाती, कात्री, करवत, चमचा, काटा, सगळं एकातच. एक नागमोडी तार ओढून त्याने मोठ्या अभिमानाने दाखवली.

“हे कशाला?”

“बाटलीचं बूच काढाले.”

“भाऊ, आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे. तिकडे दारूबंदी. बूच कशाचं काढायचं, खोबरेल तेलाचं?”

तो हसला. “दारूबंदी हाय म्हणूनच तं लोक इथून घेऊन जातेत, बाई.”

मी तो चाकू हातात धरून पाहिला. खिशात घातला तर बंडी एका बाजूला लोंबेल एवढा जड. आणि सगळी पाती एकाला एक चिकटलेली. सुतळी कापायला जावं आणि हातात चमचा यावा. ज्या माणसाला एक पातं पुरतं त्याला अकरा दिली की तो अकरांमध्ये एक शोधत बसतो. म्हटलं, हा नको. मग त्याने एकपाती दाखवला, तो फार लांब, कसायाच्या दुकानातला वाटावा असा. शेवटी एक जुन्या पद्धतीचा तीन पात्यांचा निघाला. लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ. लांब टोकदार पातं फळाला आणि सुतळीला. मधलं सरळ धारेचं, बोथट नाकाचं, साल खरवडायला. त्याचं टोक कुणाच्या अंगात घुसणार नाही. आणि तिसरं बोटाच्या पेराएवढं, बारीक, काट्यासाठी. मला तो पाहताक्षणी आवडला. बाबांचा अख्खा दिवस त्या तीन पात्यांत मावत होता.

मी कागद कापून पाहिला. वर्तमानपत्र चिरत गेलं, आवाजही झाला नाही. पातं उघडताना माझं नख दुखलं, तर मी म्हटलं, वा, मजबूत आहे.

“टाइट हाय,” दुकानदार म्हणाला. “दहा वर्षं ढिला होत नाई. ढिला चाकू खराब, बाई. खिशात उघडते.”

मला तेच हवं होतं. घट्ट म्हणजे सुरक्षित, हे मी मनात पक्कं करून टाकलं, चाकू घेतला आणि सावलीच्या एस.टी.त बसले. गाडीत मी तीन वेळा तो डबीतून काढून पाहिला. शेजारची बाई जरा सरकून बसली.

घरी गेले तेव्हा बाबा सपरीत बाजेवर बसले होते. तळव्यावर जांभळी रेघ. मी डबी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकण काढलं, आणि बराच वेळ पितळेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “गज्जब हाय.” चार महिन्यांत मी ऐकलेला त्यांचा पहिला धड शब्द. भाऊ दारात उभा होता, तो बैलांकडे निघून गेला.

मग बाबांनी चाकू दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरला आणि डाव्या अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घातलं. पातं हललं नाही. पुन्हा घातलं. नख निसटलं. मधलं पातं पाहिलं, बारकं पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. मी म्हटलं, “द्या, मी उघडून देते.” झालं! त्यांनी चाकू डबीत ठेवला, झाकण लावलं आणि डबी माझ्याकडे सरकवली.

रात्री मी तो चाकू पुन्हा उघडून पाहिला. माझ्या दोन धडधाकट हातांनी मी चाकू पारखून आणला होता. ज्याच्यासाठी आणला त्याच्याकडे हातच एक आहे, हे मला दुकानात एकदाही आठवलं नव्हतं. बाई, तू पोरांना काय शिकवतेस, म्हटलं मी स्वतःला.

तरी सकाळी मी हट्टाने उठले. म्हटलं, निदान काडी तरी तोडू द्या. कडुनिंबाची एक डहाळी काढून आणली, चाकूचं मधलं पातं उघडलं आणि मूठ बाबांच्या पुढे केली. बाबांनी हात पुढे केला नाही. ते जमिनीकडे पाहू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. विळा असो, चाकू असो, देणाऱ्याने खाली ठेवायची आणि घेणाऱ्याने उचलायची. हातात दिली तर दोघांत भांडण लागतं म्हणतात. वरोऱ्यात राहून मी हे विसरत चालले होते, बाबा विसरले नव्हते. मी वाकले आणि उघडा चाकू त्यांच्या पायाशी ठेवू लागले.

“नको! बाई, नको! खाली नका ठेवू!”

वहिनी चुलीपासून धावत आली होती. हाताला ज्वारीचं पीठ, डोक्यावरचा पदर खांद्यावर. तिने माझं मनगटच धरलं. मी बघतच राहिले, कारण या वहिनीने सतरा वर्षांत माझ्यापुढे आवाज चढवलेला नव्हता. बाबा म्हणाले, “सूनबाई, जाऊ दे.” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी तिला घरामागे बोरिंगजवळ घेऊन गेले. भाऊ कापणीवर गेला होता. तिथे तिने सांगितलं.

लकव्यानंतर बाबांना तो जुना गंजका चाकू उघडताच येत नव्हता. दोन वर्षं रोज सकाळी वहिनी तो उघडून द्यायची, आणि हातात द्यायचा नाही म्हणून सपरीच्या कडेला खाली ठेवायची. बाबा काठी टेकून वाकायचे आणि डाव्या हाताने उचलायचे. रोवणीच्या दिवसांत तिची घाई होती, बाया शेतात, बांधीत वाट पाहत होत्या. त्या दिवशी तिने चाकू जरा लांब ठेवला. बाबा वाकले, उजव्या पायाने धरलं नाही, आणि ते पडले ते उघड्या पात्यावर हात टेकूनच.

“हातातून घसरला नाई, बाई. त्याइच्या हातात तो आलाच नव्हता. मी ठेवलो खाली.”

“मग सांगितलं काऊन नाही?” मी ओरडलेच. गावात असले की रागात माझी भाषा आपोआप तिकडची होते. “चार महिने तो माणूस गप बसून आहे! भावाला वाटून राह्यलं की त्यांचा हात कापते!”

“मामाजीच म्हणले, सांगू नको. म्हणले, तो तापट हाय, तुह्यावर जाईल. माह्या हातून घसरला असंच सांग.” तिने तोंडाला पदर लावला. “मी भेलो. अन त्याइनं मंग बोलणंच सोडलं. बोललं तं तोंडातून निघून जाईल, म्हणून का काय माहीत.”

मी तिला पुष्कळ बोलले. लपवलंस, एका म्हाताऱ्या माणसावर आळ येऊ दिलास, खरं सांगायला काय जीव जात होता का. जे तोंडात येईल ते. ती ऐकून घेत बोरिंगचा दांडा धरून उभी राहिली. आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात आलं की तो जुना चाकू उघडायला मलाही दात लागायचे. मग बाबा एका हाताने तो उघडत कसे होते, हे दोन वर्षांत मी कधी विचारलं? दर फोनवर मी ‘जेवले का, गोळी घेतली का’ विचारत होते. रोज सकाळी चाकू उघडणारी ही होती. आणि चाकू निवडायला गेले कोण, तर मी!

मग म्हटलं, “वहिनी, उद्या तू चल माझ्यासंगे.”

“कुठी?”

“चंद्रपूरले. चाकू बदलाले.”

दुसऱ्या दिवशी नशिबाने आभाळ आलं, कापणी थांबली. भाऊ घरी होता. त्याला आम्ही भाऊबीजेच्या साडीचं निमित्त सांगितलं. तो म्हणाला, साडी सावलीत मिळत नाई का? मी म्हटलं, तू घेणार आहेस का? तेव्हा तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

दुकानदाराने मला ओळखलं. “काऊन बाई, ढिला झाला का?”

“नाही. ढिला पाहिजे.”

त्याने चष्मा वर केला. “सारी दुनिया टाइट मागते.”

वहिनी त्याच्याशी बोललीच नाही. ती दुकानाच्या पायरीवर बसली, उजवा हात पदरात गुंडाळून कमरेला खोचला, चाकू गुडघ्यांत धरला आणि डाव्या अंगठ्याने एकेक उघडून पाहायला लागली. रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली. एक जण म्हणाला, बाईले काय झालं? मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चालता झाला. पाचवा, सहावा, सातवा. दुकानदार आधी हसत होता, मग त्याच्या लक्षात आलं. “लकवा हाय का?” त्याने विचारलं. वहिनीने मान हलवली. तो आत गेला आणि फळीखालून धुळीने भरलेला एक पत्र्याचा डबा घेऊन आला. जुना माल, न विकलेला.

त्यात तो होता. तीनच पाती, पण मूठ रुंद, पात्याची पाठ मुठीतून बोटभर वर आलेली, म्हणजे नख नसलं तरी चिमटीत धरून ओढता येईल. वहिनीने ओढलं. पातं अर्ध्यावर आलं आणि तिथे जरासं अडून थांबलं, मग पुढे गेलं. बंद करतानाही तसंच, मधे एक थांबा. तिने पुन्हा केलं, पुन्हा केलं. म्हणाली, “हे पाहा बाई. मधात थांबते. म्हणजे बोटावर एकदम नाई पडणार.”

मी अंगठा धारेवर फिरवला. बोथट. कागद चिरला नाही, फाटला. मी म्हटलं, याला तर धारच नाही.

“धार लावता येते,” वहिनी म्हणाली. “हे असं उघडणं लावता येते का?”

परतीच्या गाडीत, मूल गावाजवळ ती एकदम म्हणाली, “मामाजीच्या हाताचे नखं मी दर इतवारी कापतो, बाई. आता अंगठ्याचं नाई कापणार.” मी मान हलवली. मला तिची माफी मागायची होती, ती मी सावलीच्या बस स्टँडवर मागितली, गर्दीत, पिशव्या हातात असताना. ती म्हणाली, “जाऊ द्या ना, घरोघरी मातीच्या चुली.” एवढ्यावर सोडलं तिने.

भावाला खरं सांगायचं का, हा प्रश्न राहिलाच. वहिनी नको म्हणाली. बाबांनी तर मला नजरेनेच दाबलं. मी कबूल झाले, पण मला ते पटलं नाही. कारण भाऊ बाबांच्या हाताला घाबरत होता, आणि त्याची ती भीती ज्यावर उभी होती ते घडलंच नव्हतं. त्याने वाईट केलं असं मी म्हणणार नाही. ज्याने बापाला रक्तात बसलेला पाहिला, तो आणखी काय करेल?

बाबांनी दगडावर दोन दिवस धार लावली. चाकू गुडघ्यांत, दगड डाव्या हातात, उलटं काम. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठून पाहते तर सपरीत काडीची साल पडलेली, आणि बाबा दातवण चावत बसलेले. कोणी उघडून दिलं नाही, कोणी खाली ठेवलं नाही. सपरीच्या खांबाआड उभी राहून मी रडले, आवाज न करता. नाश्त्याला बाबा म्हणाले, “पोहे का माती हाय हे?” वहिनीचा चेहरा असा फुलला की काय सांगू! पोहे मी केले होते.

त्यानंतर रोज. सुतळी, पेरू, नखं. एक दिवस शेजारचा म्हातारा लंगडत आला, पाय पुढे केला, आणि सपरीतून तेच ऐकू आलं, “डोये घरी ठेवून...” भाऊ रोज संध्याकाळी धानाच्या कापणीवरून आला की आधी बाबांचे हात बघायचा. तळवा, बोटं. बघून पाणी प्यायला जायचा. चांगलं आहे असं त्याने एकदाही म्हटलं नाही. अट कायम होती आणि सुट्टीचे दिवस एकेक करत संपत होते.

शेवटच्या दिवशी माझी गाडी सकाळची. बॅग सपरीत. भाऊ मला मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडणार होता, तो अंगणात गाडी पुसत उभा. आणि बाबा दातवण करत होते. आज लेकाच्या समोर. त्यांना ते कळत होतं, मला दिसत होतं. हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होता, आणि सावकाश चालणाराच हात चुकतो. साल खरवडून झाली, दात घासून झाले. गुडघ्यांत धरलेल्या चाकूवर काडी उभी चिरताना पातं गाठीवर अडलं, बाबांनी जोर लावला, आणि पातं काडीतून निघून अंगठ्याला लागलं.

फार नाही. पण रक्त आलं. बाबांनी मूठ मिटली. एक थेंब खाली फरशीवर पडला होता. मी विचार केला नाही; मी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्या थेंबावर पाय ठेवला. दारात वहिनी होती. तिने पाहिलं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. बोरिंगजवळ मी तिला जे जे बोलले होते ते सगळं माझ्या तोंडावर आलं, आणि तरी मी पाय हलवला नाही.

भाऊ वळला. “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “चल, गाडी जाईल.”

तो पुढे आला. मिटलेल्या मुठीकडे पाहू लागला. आता सगळं गेलं, म्हटलं मी. चाकू, काटेवाले, पोह्यावरून भांडणं, सगळं वैनगंगेत.

बाबांनी मूठ उघडली.

“कापलं,” ते म्हणाले. “थोडंसं. हे माह्या हातानं कापलं. त्या बारीचं मी नव्हतो कापलो, पडलो होतो. हे माह्यं हाय.”

भावाने वहिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. मग तो बाबांच्या समोर उकिडवा बसला, तो अंगठा हातात धरला आणि उलटापालटा करून पाहिला.

“दुखते का?”

“दुखते ना!” बाबा म्हणाले. “नाई दुखंन तं काय?”

भावाने खांद्यावरच्या दुपट्ट्याची कड फाडली आणि अंगठ्याला बांधली. मग चाकू उचलला. आता निघाला वैनगंगेकडे, वाटलं मला. त्याने पातं दुपट्ट्याला पुसलं, बंद केलं, अर्ध्यावर ते थांबलं तसा तोही थांबला, पुन्हा एकदा उघडून पाहिलं, आणि बंद करून बाबांच्या बंडीच्या खिशात घातला. म्हणाला, “हळद लावा यावर,” आणि मोटारसायकल सुरू करायला गेला.

मी तिथेच उभी. बापाला लहान लेकरू करू नका म्हणून घरभर भांडलेली मी.

बाबा माझ्या पायाकडे पाहत होते.

“उचल आता पाय,” ते म्हणाले. “तुही गाडी जाईल.”